उत्थापक आणि उत्क्षेपक : यंत्रद्वंद्वातील डावपेचांची पूर्वयोजना

दूरनियंत्रित यंत्रांच्या द्वंद्वाचा खेळ आज जगातील अनेक तांत्रिक शिक्षणसंस्थांत रुजला आहे. १९९४ साली मार्क थॉर्प यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील फोर्ट मेसनमध्ये या खेळाची पहिली मोठी स्पर्धा भरविली. १९९८ पासून बीबीसीने ‘रोबोट वॉर्स’ ही मालिका दाखविण्यास प्रारंभ केला आणि १९९९ मध्ये अमेरिकेत ‘बॅटलबॉट्स’ उभी राहिली. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये भरणाऱ्या ‘टेकफेस्ट’ या उत्सवातही अशा लढती होतात व तेथे मराठी विद्यार्थ्यांची गर्दी असते. या यंत्रांना रूढ प्रघाताप्रमाणे ‘यंत्रमानव’ म्हणणे मात्र योग्य नव्हे. त्यांना मानवाचा आकार नसतो आणि स्वतःची बुद्धीही नसते. रिंगणाबाहेर उभा असलेला चालक रेडिओलहरींच्या साहाय्याने त्यांना खेळवितो. म्हणून येथे केवळ ‘यंत्र’ हा शब्द वापरला आहे.

या खेळातील ‘लिफ्टर’ आणि ‘फ्लिपर’ हे दोन प्रकार वरवर पाहता सारखेच दिसतात. दोहोंच्या पुढील बाजूस जमिनीलगत टेकलेली पाचर किंवा पाते असते, दोन्ही यंत्रे ते प्रतिपक्षाच्या खाली सारू पाहतात आणि दोघांचाही हेतू त्याची चाके जमिनीपासून सोडविण्याचा असतो. या साम्यामुळेच पुष्कळ नवशिके संघ दोघांसाठी एकच योजना आखतात आणि ती अर्ध्या मिनिटात फसते. हे दोन प्रकार एकमेकांसमोर उभे ठाकले असता कोणी काय करावे, याचा विचार त्यांच्या साम्यापासून नव्हे तर भेदापासून सुरू केला पाहिजे. भेद स्पष्ट व्हावयाचा तर प्रथम नावांचा प्रश्न सोडविणे सोयीचे होईल.

‘लिफ्टर’ला सहज सुचणारा मराठी प्रतिशब्द ‘उचल्या’ हा आहे. परंतु त्याचा रूढ अर्थ लक्षात घेता तो शास्त्रीय लेखनात वापरता येणार नाही हे उघड आहे. ‘उत्थापक’ हा शब्द निर्दोष आहे. ‘फ्लिपर’साठी ‘उत्क्षेपक’ हा शब्द घ्यावा, कारण त्यामागे एक जुनी आणि नेमकी संकल्पना उभी आहे. वैशेषिकांनी कर्माचे जे पाच प्रकार मानले त्यांत उत्क्षेपण हा पहिला. वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात मुसळाच्या हालचालीची चर्चा येते. हाताच्या संयोगाने मुसळ वर जाते ती गती वेगळी, आणि उखळावर आपटल्यामुळे ते उसळते ती गती वेगळी. दुसऱ्या गतीस हाताचा संयोग कारण नाही, असा तेथील विवेक आहे. दोन यंत्रप्रकारांतील भेद नेमका असाच आहे. उत्थापकाच्या कार्यात संयोग अखेरपर्यंत टिकतो. उत्क्षेपकाच्या कार्यात तो एका क्षणात संपतो आणि पुढील गती आघाताच्या संस्काराने चालू राहते.

मराठीच्या संयुक्त क्रियापदांनीही हा भेद फार चांगला पकडला आहे. ‘उचलून धरणे’ आणि ‘उलथून टाकणे’ या जोडीतील पहिल्या रूपात क्रिया चालू राहते व कर्ता तिच्याशी बांधलेला राहतो. दुसऱ्या रूपात क्रिया पुरी होते आणि कर्म कर्त्याच्या हातून सुटते. कोणतेही पाठ्यपुस्तक न वाचता एखाद्या मराठी विद्यार्थ्याने आपल्या यंत्राचे वर्णन ‘धरणारे’ की ‘टाकणारे’ एवढेच स्वतःशी ठरविले, तरी त्याच्या योजनेची निम्मी दिशा ठरेल. पुढील विवेचन म्हणजे या दोन सहायक क्रियापदांचे यांत्रिक भाष्य आहे असे म्हटले तरी चालेल.

आता काही आकडे. १०० किलोग्रॅम वजनाचे, ८० सेंटिमीटर लांबीचे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १० सेंटिमीटर उंचीवर असलेले एक यंत्र कल्पावे. त्याची पुढची कड उचलून ते मागच्या कडेवरून उलथावयाचे आहे. गुरुत्वमध्य मागच्या कडेच्या बरोबर वर येईपर्यंत यंत्र सुमारे ७६ अंशांतून फिरले पाहिजे. त्यासाठी लागणारे कार्य सुमारे ३०० जूल, आणि आरंभी कडेवर लावावे लागणारे बल यंत्राच्या निम्म्या वजनाइतके, म्हणजे सुमारे ४९० न्यूटन. एका सेकंदात हे काम करावयाचे तर ३०० वॉट शक्ती पुरते; एक बेताची विद्युत् मोटर आणि भक्कम दंतचक्रे यांना ते सहज साधते. अडचण शक्तीची नाही, पोहोचेची आहे. ७६ अंशांपर्यंत फिरविण्यासाठी ती कड जवळजवळ ७८ सेंटिमीटर वर न्यावी लागते, आणि बहुतेक उत्थापकांचा बाहू तितका वर जात नाही. म्हणून केवळ बाहूच्या बळावर प्रतिपक्षास पालथे करण्याची योजना बहुधा कागदावरच राहते.

उत्क्षेपकाचे गणित निराळे. तेच यंत्र त्याला एक मीटर उंच उडवावयाचे असेल तर सुमारे ९८० जूल ऊर्जा द्यावी लागेल. पात्याचा उपयुक्त प्रवास २५ सेंटिमीटर धरला तर या ऊर्जेसाठी सरासरी बल प्रतिपक्षाच्या वजनाच्या पाचपट लागते आणि सारा व्यवहार एका सेकंदाच्या नवव्या हिश्शात आटोपतो. शक्तीच्या भाषेत हे नऊ हजार वॉटच्या आसपास जाते, म्हणजे उत्थापकाच्या तीसपट. इतकी शक्ती क्षणभर पुरविण्यासाठी बहुतेक संघ दाबाखालील वायूचा आश्रय करतात. १० सेंटिमीटर व्यासाचा आणि २५ सेंटिमीटर दट्ट्या-प्रवासाचा नळकांडा वातावरणीय दाबाच्या १० पट दाबावर चालविला, तर दट्ट्यावर सुमारे ८०० किलोग्रॅम वजनाइतका रेटा येतो आणि पूर्ण प्रवासात जवळजवळ २,००० जूल कार्य होते. त्यातील निम्मे जरी प्रतिपक्षापर्यंत पोहोचले तरी वरील उडी साधते.

या शक्तीची किंमत तीन प्रकारे मोजावी लागते. पहिली किंमत साठ्याची. वरील नळकांड्यास दर बारास सुमारे ३७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागेल. एक किलोग्रॅमच्या बाटलीतून हिशेबाने सुमारे सत्तावीस बार निघावेत. पण द्रव वायूचे बाष्पीभवन होताना बाटली थंड पडते. वीस अंश सेल्सियसला जो दाब वातावरणाच्या सुमारे ५६ पट असतो तो शून्य अंशाला ३४ पटींपर्यंत उतरतो, आणि लागोपाठ बार काढणाऱ्या यंत्राचे पुढचे बार अधिकाधिक मंद होतात. दुसरी किंमत वेळेची. पाते वर गेले की ते खाली येऊन पुन्हा बसेपर्यंत यंत्राचे तोंड उघडे पडते. तिसरी किंमत प्रतिक्रियेची. प्रतिपक्षाला वर फेकणारे बल तितक्याच जोराने उत्क्षेपकाच्या नाकाला खाली दाबते. नाकाखाली पक्की जमीन असेल तर चिंता नाही. परंतु ते नाक प्रतिपक्षाच्या पाचरीवर चढलेले असताना बार काढला, तर उत्क्षेपक स्वतःच मागे कोलमडतो.

उत्थापकाच्या पक्षात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. प्रतिपक्षाची पुढची कड वीस-तीस सेंटिमीटर उचलली की त्याचे जवळजवळ निम्मे वजन उत्थापकाच्या चाकांवर येते. दोन्ही यंत्रे १०० किलोग्रॅमची असतील तर उत्थापकाच्या चाकांखाली १५० आणि प्रतिपक्षाच्या चाकांखाली ५० किलोग्रॅम असा भार उरतो. घर्षण भाराच्या प्रमाणात असल्यामुळे ढकलाढकलीतील बळ तीनास एक होते. चालक चाके उचललेल्या बाजूलाच असतील, किंवा मागच्या चाकांऐवजी पाठीची कडच जमिनीला घासत असेल, तर प्रतिपक्षाचा प्रतिकार संपलाच म्हणावयाचा. येथे उचलणे हे साध्य नसून साधन आहे. खरे शस्त्र म्हणजे उसने घेतलेले वजन. कुस्तीत पट काढणारा मल्ल प्रतिस्पर्ध्याचा पाय धरतो तो पायासाठी नव्हे, त्याची जमीन काढून घेण्यासाठी धरतो. तोच प्रकार येथे आहे.

मात्र या उसनवारीला मर्यादा आहे. उत्थापकाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या ३५ सेंटिमीटर मागे आणि भार ४० सेंटिमीटर पुढे असेल, तर निम्मे वजन उचलताना ५० गुणिले ४० म्हणजे २,००० विरुद्ध ३,५०० असा हिशेब जमतो. पूर्ण वजन उचलू गेल्यास ४,००० विरुद्ध ३,५०० होऊन उत्थापकाचीच मागची चाके उचलली जातात. यास्तव कड उचलावी, सगळे यंत्र उचलू नये. हौशी संघांना सगळे उचलण्याचा मोह फार असतो, कारण छायाचित्रात ते शोभून दिसते.

आता दोघांना समोरासमोर आणावे. पहिला प्रश्न कोण कोणाच्या खाली शिरतो हा असून त्याचा निकाल एक-दोन मिलिमीटरांवर लागतो. कार्लो बर्टोकिनी यांचे ‘बायोहॅझर्ड’ हे उत्थापक यंत्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याची उंची अवघी दहा सेंटिमीटरच्या आसपास होती, चारी बाजूंना जमिनीवर लोंबणारे बिजागरीचे पत्रे होते आणि त्याचा बाहू चार दांड्यांच्या जोडणीचा असून एरवी पाठीत सपाट मिटून बसत असे. ज्याच्याखाली पाते घालावयाला फटच नाही त्याला उडवावयाचे कसे, हा त्याने उत्क्षेपकांपुढे टाकलेला प्रश्न होता. १९९९ ते २००२ या काळात त्याने बॅटलबॉट्सच्या अवजड गटाचे विजेतेपद चार वेळा मिळविले, यात या पत्र्यांचा वाटा बाहूइतकाच मानावा लागेल.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि नवख्या उत्थापक-संघांचा घात तोच करतो. उत्क्षेपकास पालथे करून काही मिळत नाही. पाठीवर पडलेला उत्क्षेपक पाते जमिनीवर मारतो आणि उसळून चाकांवर येतो. चीतपट झाला की कुस्ती संपली हा आखाड्यातला न्याय येथे चालत नाही. येथे यंत्र हालचाल करू शकत नाही असे पंचांना दिसावे लागते आणि मगच दहा आकडे मोजले जातात. उत्क्षेपकास उलथण्याचा एकच खरा लाभ म्हणजे पुन्हा उठण्यासाठी त्याचा एक बार खर्च होतो. तेव्हा उत्थापकाने आपले लक्ष्य ‘उलथणे’ हे न ठेवता ‘बार संपविणे’ आणि ‘वाहून नेणे’ हे ठेवावे.

पूर्वयोजना येथून आकार घेते. तीन मिनिटांच्या लढतीत पहिले मिनिट उत्थापकाने खडाखडीत घालवावे: समोरून आल्यासारखे करावे, अखेरच्या क्षणी वळावे, बाजू नव्हे तर पत्रा पुढे करावा, आणि प्रतिपक्षाच्या चालकास घाईने बार काढावयास लावावे. फुकट गेलेला प्रत्येक बार म्हणजे साठ्यातील घट, थंड पडणारी बाटली आणि वर राहिलेले पाते. पाते खाली बसण्यास लागणारा सेकंदभराचा अवकाश हीच उत्थापकाची खरी संधी. त्या अवकाशात सरळ नाकावर चाल करता येते, कारण उघड्या पात्याखालील जागा त्या वेळी निरुपद्रवी असते. मात्र पाते परत येण्याचा वेग आधीच्या लढती पाहून घड्याळाने मोजून ठेवलेला असावा. चालकाच्या अंदाजावर हे सोडू नये.

पकड बसल्यावर कोठे न्यावयाचे याचेही उत्तर आधी ठरलेले असावे. उत्क्षेपकाला भिंतीशी नेऊन उभे करणे मोहक वाटते, पण त्यात एक फसगत आहे. त्याची पाठ भिंतीकडे वळून तो उभा राहिला, तर पाते भिंतीलाच रेटा देते आणि यंत्र धाडकन पुन्हा चाकांवर येते. शिवाय ते येते उत्थापकाच्या बाहूवर. त्याची पोटाकडील बाजू भिंतीला आणि पाते मोकळ्या हवेत, अशी अवस्था साधली तरच भिंत उपयोगी. ब्रिटिश रिंगणात असे त्या प्रकारचा खड्डा उपलब्ध असेल तर हा सगळा खटाटोप टाळून सरळ खड्ड्याची वाट धरावी. खड्ड्यातून कोणताही बार वर आणू शकत नाही. १९९८ च्या दुसऱ्या ‘रोबोट वॉर्स’मध्ये विजेते ठरलेले ‘पॅनिक अटॅक’ हे काटेधारी उत्थापकच होते. धरून नेणाऱ्या यंत्राला अनुकूल असे रिंगण त्याला लाभले होते, हे विसरता कामा नये.

उत्क्षेपकाच्या बाजूने पाहता योजना अगदी उलट दिशेने जाते. त्याला घाई नको आणि मध्यभाग नको. रिंगणाच्या मध्यावर उत्थापकाला एक मीटर उडवून फारसे साधत नाही. तो खाली पडतो आणि बाहूच्या साहाय्याने पुन्हा सरळ होतो. तोच बार कडेपासून हातभर अंतरावर काढला तर यंत्र कुंपणापलीकडे पडते आणि लढत तेथेच निकाली होते. तिसऱ्या व चौथ्या मालिकेत लागोपाठ विजेतेपद मिळविणाऱ्या जॉर्ज फ्रान्सिस यांच्या ‘केऑस २’ ने हे तंत्र रूढ केले. पुनरुज्जीवित मालिकेत २०१६ साली ‘अपोलो’ आणि दहाव्या मालिकेत ‘इरप्शन’ या उत्क्षेपकांनी विजेतेपदे मिळविली, तेव्हाही अंतिम फेरीतील प्रतिपक्ष ‘कार्बाइड’ हे फिरत्या पात्याचे भयंकर यंत्र होते. फेकणाऱ्याने जागा राखली तर कापणाऱ्यालाही नमविता येते, मग उत्थापकाचे काय सांगावे!

येथे बिजागरीच्या जागेचा विचार आवश्यक आहे. पाते मागील बाजूस बिजागरीवर बसविले असेल तर त्याचे टोक वर्तुळाच्या कंसात वर आणि किंचित मागे येते. प्रतिपक्ष उंच जातो, पण दूर जात नाही. चार दांड्यांच्या जोडणीने टोकाला वर आणि पुढे जाणारा मार्ग देता येतो व तेव्हा अंतर साधते. रिओ द जानेरो येथील कॅथॉलिक विद्यापीठातील रिओबॉट्झ या संघाने प्रसिद्ध केलेल्या विस्तृत मार्गदर्शिकेत अशा यंत्रांचे उंची साधणारे आणि अंतर साधणारे असे दोन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गाच्या यंत्राने कुंपणापलीकडे फेकण्याची इच्छा असेल तर उभ्याने बार काढू नये. धावत्या वेगात प्रतिपक्षास पुढे रेटीत असतानाच काढावा, म्हणजे धावेचा वेग उड्डाणात मिसळतो.

उरतो प्रश्न पंचांचा. तीन मिनिटांत निकाल न लागल्यास लढत गुणांवर जाते. जुन्या बॅटलबॉट्समध्ये तीन पंच आक्रमकता, डावपेच आणि नासधूस यांना प्रत्येकी पाचपर्यंत गुण देत, एकूण पंचेचाळीस. या पद्धतीत उत्थापक एका सदरात जवळजवळ रिक्तहस्त राहतो, कारण तो काही मोडीत नाही. शिवाय उंच उडालेले यंत्र पाहून प्रेक्षागृहात जो आवाज उठतो तो हळूच सरकत नेलेल्या यंत्रासाठी उठत नाही, आणि पंचही माणसेच असतात. सातव्या ‘रोबोट वॉर्स’च्या अंतिम लढतीत ‘स्टॉर्म २’ या ढकलणाऱ्या यंत्राला, ज्याचा उचलणारा बाहू हलते शस्त्र हवे या नियमामुळे बसविलेला होता, ‘टायफून २’ विरुद्ध पंचांच्या निर्णयाने हार पत्करावी लागली, आणि तो निर्णय योग्य होता काय याची चर्चा खेळाच्या अभ्यासकांत अद्याप संपलेली नाही. म्हणून उत्थापकाच्या संघाने गुणांवर जिंकण्याची योजना मुळातच करू नये असे म्हणावेसे वाटते. ती करावीच लागली तर प्रत्येक उचल रिंगणाच्या मध्यावर, सर्व पंचांना दिसेल अशी, आणि नियमाने सोडावयास लावीपर्यंत धरून ठेवलेली असावी. सोडल्यावर ताबडतोब पुन्हा चाल असावी. आक्रमकता आणि डावपेच या दोन सदरांतील गुण अशा रीतीने तरी पदरात पडतात.

उत्क्षेपकाच्या संघाला या सदरांची काळजी कमी. त्याला काळजी असावी ती शेवटच्या मिनिटाची. बाटलीतील दाब दाखविणारी तबकडी चालकाला रिंगणाबाहेरून दिसत नाही, तेव्हा बार मोजण्याचे काम संघातील दुसऱ्या सभासदाकडे सोपविलेले असावे आणि त्याने आकडा मोठ्याने म्हणत राहावे. स्वतःस सरळ करण्यासाठी निदान दोन बार अखेरपर्यंत राखून ठेवावेत. ते संपले की समोरचा उत्थापक, जो इतका वेळ केवळ त्रास देत होता, तो त्याच्या नाकाखाली शांतपणे शिरतो आणि त्याला खड्ड्याकडे घेऊन जाऊ लागतो.